फॅन बेल्ट: सोलापूरच्या काउंटरवर मिळणाऱ्या चार प्रकारांचा हिशेब

फॅन बेल्ट म्हणजे इंजिनाच्या जोरावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), वॉटर पंप, एसी फिरवणारा रबरी पट्टा. सोलापुरात ऑटो पार्टच्या दुकानात जाऊन नुसतं ‘फॅन बेल्ट द्या’ म्हटलं, तर समोर चार वेगळ्या वस्तू येऊ शकतात. गाडी कंपनीच्या पाकिटातला बेल्ट, बेल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पाकिटातला, प्लास्टिकच्या पिशवीतला बिननावाचा, आणि गाडी फार जुनी असेल तर यंत्रमागाला लागणारा, ‘व्ही’सारखा खाली निमुळता व्ही-बेल्ट. चारही काळे, चारही रबरी, आणि ‘बसतो’ हे चारही बाबतीत खात्रीने सांगितलं जातं. बसण्याबद्दल वाद नाही. टिकण्याबद्दल आहे.

आधी शेवटच्या प्रकाराचा निकाल लावू, कारण हा घोळ सोलापुरातच जास्त होतो. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांमुळे व्ही-बेल्टची दुकानं भरपूर, माल ताजा आणि भाव कमी. त्यामुळे जुन्या जीप, ट्रॅक्टर किंवा मारुती ८०० ला मागाचाच ‘ए’ सेक्शनचा बेल्ट घालायचा मोह होतो. तो टाळावा. ‘ए’ सेक्शनचा बेल्ट १३ मिमी रुंद, ८ मिमी जाड आणि सहसा कापडात गुंडाळलेला असतो. मागाच्या मोटरची पुली मोठी, वेग ठरलेला आणि हवा मोकळी, तिथे तो उत्तम चालतो. गाडीतला अल्टरनेटर मात्र छोट्या पुलीवर कितीतरी जास्त वेगाने फिरतो. एवढ्या लहान वळणावर कापडी आवरणाचा जाड बेल्ट सतत वाकून तापतो आणि आतून सुटायला लागतो. गाडीचा व्ही-बेल्ट म्हणूनच बाजूंनी उघड्या रबराचा आणि पोटाला खाचा पाडलेला असतो. त्यातून मागाच्या बेल्टवर ‘ए ३३’ लिहिलेलं असेल तर ती ३३ इंच आतली लांबी. गाडीच्या बेल्टची लांबी वेगळ्या पद्धतीने मोजतात. आकडा जुळला म्हणून माप जुळलं असं होत नाही.

आता आजच्या गाड्यांकडे वळू. यांत व्ही-बेल्ट नसतो, चपटा, पोटाला लांबलचक रेघा असलेला पॉली-व्ही बेल्ट असतो. त्याच्या पाठीवर ‘४पीके ८५५’ असं काहीतरी छापलेलं असतं. चार म्हणजे चार रिब (पोटाच्या उभ्या रेघा), पीके म्हणजे रिबचा प्रकार (दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिमी), आणि ८५५ म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. चार रिबचा बेल्ट साधारण १४ मिमी रुंद भरतो, सहा रिबचा २१. हाताने ताण द्यायची सोय असलेल्या गाडीत लांबीत पाच मिलिमीटरचा फरक खपतो, कारण अल्टरनेटर मागे-पुढे सरकवायच्या लांब भोकाच्या पट्टीत, म्हणजे सरकपट्टीत, तेवढी जागा असते. रिबच्या संख्येत फरक अजिबात खपत नाही. पाच खाचांच्या पुलीवर चार रिबचा बेल्ट ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढचं दुकान गाठावं.

जुना बेल्ट काढून दुकानात न्यावा हा सल्ला बरोबर, पण पाठीवरचा छाप पुसला असेल तर जुन्याची लांबी दोऱ्याने मोजून नवा घेऊ नये. गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, एसी आहे का, एवढं सांगून कॅटलॉगमधून नंबर काढून घ्यावा. आधीच्या मेकॅनिकने चुकीचा बेल्ट घातला असण्याची शक्यता आपण धरतो त्याहून जास्त असते.

पाकिटांची तुलना करायची तर मुख्य प्रश्न रबराचा आहे. जुन्या पद्धतीचे बेल्ट निओप्रीनचे, नव्या पद्धतीचे ईपीडीएमचे. निओप्रीन उष्णतेने कडक होऊन आडवं चिरतं. एका रिबवर इंचभर अंतरात तीन भेगा दिसल्या की तो बदलायचा, हा जुना नियम त्याच्यासाठी होता. ईपीडीएम उष्णता बरीच जास्त सोसतं आणि सहसा भेगाळत नाही, ते टायरसारखं झिजतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला टेकतो, एसी घरातून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत चालू, आणि बोनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम. इथे निओप्रीनचा बेल्ट स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. पाकिटावर किंवा बेल्टच्या पाठीवर ईपीडीएम लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बघावं, दुकानदाराच्या शब्दावर ठेवू नये.

ईपीडीएमचीही एक कमजोरी आहे: इंजिन ऑइल. तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, आणि रिबचे तुकडे सुटतात. निओप्रीन तेलाला याहून बरं तोंड देतं. तेव्हा टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सील पाझरत असेल तर नवा बेल्ट घालण्याआधी गळती थांबवावी. नाहीतर महागातला बेल्टही काही महिन्यांत हातात येतो आणि शिव्या बेल्ट कंपनीला बसतात.

गाडी कंपनीच्या पाकिटातला बेल्ट सहसा एखाद्या बेल्ट कंपनीनेच बनवलेला असतो. पाठीवर दोन्ही छाप दिसले तर आश्चर्य नको. त्याचा फायदा एकच, पण मोठा: नंबर चुकत नाही. पहिल्यांदाच स्वतः बदलणाऱ्याने हाच घ्यावा. चार रिबचा छोटा बेल्ट साधारण तीनशे ते सातशे रुपयांच्या दरम्यान येतो, त्यात शंभर-दीडशे वाचवण्यासाठी डोकं लावण्यात अर्थ नाही.

बेल्ट कंपन्यांच्या स्वतःच्या पाकिटांत गेट्स, कॉन्टिटेक, बॅन्डो, मित्सुबोशी ही नावं आहेत. नागपूरची पिक्स आणि मदुराईत कारखाना असलेली जेके फेनर ही देशी नावंही आहेत. गेट्सच्या मायक्रो-व्ही बेल्टमध्ये रिबची टोकं छाटलेली असतात, त्यामुळे तो लहान पुलीवर सहज वाकतो आणि खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीवर टेकत नाही. काळ्या मातीच्या रस्त्यांवर, मोहोळ-मंगळवेढ्याकडे रोज जाणाऱ्या गाडीला हा गुण उपयोगी आहे. बाकी नावांत उजवं-डावं करण्याएवढा फरक घरगुती वापरात कळत नाही. ज्याचा नेमका नंबर दुकानात हजर आहे, पाकीट सीलबंद आहे आणि बेल्ट खिळ्याला टांगून ठेवलेला नाही, तो घ्यावा. महिनोन्‌महिने खिळ्यावर लटकलेला किंवा रबर बँड लावून घडी घातलेला बेल्ट आतल्या दोऱ्यांवर वळ घेऊन येतो.

बिननावाच्या बेल्टला आमच्याकडून शून्य. पाठीवर छाप नाही, रिब बोटाने चाचपल्या तर उंची कमी-जास्त लागते, आणि कडेला दोऱ्याचे धागे बाहेर आलेले असतात. कडेचा धागा सुटला की तो फिरताना पुलीत गुंडाळतो आणि शेजारचा बेल्टही खाली उतरवतो. नावाच्या पाकिटातही नकली माल येतो. पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन करून बघावा, आणि पाकिटावरचा नंबर व बेल्टवरचा नंबर एकच आहे का हे काउंटरवरच पाहावं. पक्कं बिल मागितल्यावर जो दुकानदार चुळबुळ करतो, त्याच्याकडचा माल तिथेच ठेवावा.

पण बेल्ट घेण्याआधी तो मेला आहे का, हे ठरवायला हवं. सोलापुरात ‘आवाज येतोय, बेल्ट बदला’ ही सरसकट पद्धत आहे, आणि अर्ध्या वेळा ती चुकते. इंजिन आयडलला ठेवून, बाही आणि ओढणी सांभाळून, बाटलीतून थोडं पाणी बेल्टच्या रिबवर उडवावं. चिर्र-चिर्र असा तुटक आवाज असेल आणि पाण्याने तो काही सेकंद थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. लांब किंचाळी असेल आणि पाण्याने ती वाढली, तर ताण कमी आहे आणि बेल्ट घसरतोय. पहिल्या प्रकारात नवा बेल्ट घालून उपयोग नाही, आठवड्यात तोच आवाज परत येतो. पुल्यांची रेष तपासायला सरळ लोखंडी पट्टी दोन पुल्यांच्या तोंडाला लावावी. तीस सेंटिमीटरला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर अल्टरनेटरचं ब्रॅकेट, वॉशर किंवा बुश बघावं लागेल.

ईपीडीएमच्या बेल्टची झीज डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. नव्या बेल्टची रिब वरून थोडी अरुंद आणि मधली खाच टोकदार लागते. झिजलेल्यात खाच रुंद आणि गोल होते, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि त्याच्या खाचेचा तळ पुलीच्या टोकांवर टेकतो. काही बेल्ट कंपन्या यासाठी छोटी प्लास्टिकची गेज देतात. दुकानात विचारावं. रिबचे तुकडे गळलेत, कडा फाटल्यात, पाठ चकचकीत काचेसारखी झाली आहे किंवा तेलात भिजली आहे, यांपैकी एकही दिसलं तर मोजमाप न करता बदलावा.

एक इशारा. के-सीरिज इंजिनाच्या अनेक मारुती गाड्यांत अल्टरनेटरचाच बेल्ट वॉटर पंप फिरवतो. हा तुटला तर आधी बॅटरीचा दिवा लागतो आणि मग तापमानाचा काटा चढतो. तुळजापूरच्या घाटात बॅटरीचा दिवा लागला आणि ‘पोहोचून बघू’ म्हणून गाडी रेटली, तर हेड गॅस्केटचं बिल येतं. एसीचा बेल्ट तुटला तर फक्त घाम येतो.

आता बसवण्याचं काम. इथे फक्त बाहेरच्या बेल्टबद्दल बोलतोय. इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट ही वेगळी गोष्ट आहे, तो कव्हरच्या आत असतो आणि एक दात चुकला तरी इंजिन बिघडू शकतं. ऑल्टो ८०० किंवा जुन्या सॅन्ट्रोसारख्या टायमिंग बेल्टच्या गाडीत हे कव्हर उघडायचं नाही. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड म्हटल्या जाणाऱ्या गाड्याही घरच्या यादीतून वगळाव्यात. त्यांत सिग्नलला बंद झालेलं इंजिन बेल्टच्याच जोरावर परत चालू होतं, म्हणून बेल्ट आणि टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग) दोन्ही खास असतात.

हत्यारं थोडी लागतात: १०, १२, १४ चे रिंग पाने, गोटी पाना (सॉकेट) आणि त्याला लावायची एक लांब टॉमी (दांडी), जॅक, घोडी (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड), टॉर्च, छोटा आरसा, जुना टूथब्रश. इंजिन पूर्ण गार असावं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, त्यामुळे ही पायरी गाळू नये. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुल्या उजव्या पुढच्या चाकाच्या बाजूला असतात. चाक काढून आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडलं की हात नीट जातो. गाडी घोडीवर असावी, नुसत्या जॅकवर नको. मागच्या चाकांना दगड लावावा.

बेल्टचा मार्ग आधी मोबाइलमध्ये टिपून घ्यावा. दोन बेल्ट असतील तर बाहेरचा, बहुधा एसीचा, आधी काढावा लागतो. त्याशिवाय आतला निघत नाही, म्हणून दोन्ही एकदमच बदलणं शहाणपणाचं. एसीच्या बेल्टला ताण देणारी आयडलर पुली असते. तिचा मधला नट (बहुतेक १४ चा) अर्धा फेरा सैल करून मग बाजूचा लांब ॲडजस्ट बोल्ट उलटा फिरवायचा. मधला नट सैल न करता बोल्टवर जोर दिला की बोल्टची आटी जाते. हे सगळ्यात जास्त होणारं नुकसान. अल्टरनेटरलाही हाच क्रम: खालचा मोठा बोल्ट सैल, सरकपट्टीचा बोल्ट सैल, मग ॲडजस्ट बोल्ट, आणि अल्टरनेटर हाताने इंजिनकडे ढकलायचा. आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल तर टॉमीने त्याचा हात सावकाश फिरवून बेल्ट एका पुलीवरून उतरवायचा. हात झटक्याने सोडायचा नाही.

बेल्ट उतरला की खरी तपासणी सुरू होते, आणि घाई इथेच होते. प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर, हलणं किंवा अडकणं जाणवलं तर बेअरिंग गेलं. आयडलरवर ६२०३ असा नंबर असेल तर ते १७ मिमी भोक, ४० मिमी बाहेरचा व्यास, १२ मिमी जाडीचं बेअरिंग. हा नंबर मागाच्या बेअरिंगच्या दुकानातही मिळतो, पण दोन्ही बाजूंना सील असलेलं आणि जास्त वेगाच्या, गरम जागेच्या कामाचं मागावं. वॉटर पंपाची पुली वर-खाली हलत असेल किंवा खालच्या भोकातून कूलंटचा डाग उतरलेला असेल, तर पंप आताच बदलायचा. क्रँकच्या पुलीत मधला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यात रबर असतं. ते फाटून रिंग डुगडुगू लागली की कोणताही बेल्ट टिकत नाही. डिझेल गाडीच्या अल्टरनेटरला क्लच असलेली पुली असेल तर ती एका दिशेने धरायला आणि दुसऱ्या दिशेने सुटायला हवी. दोन्हीकडे धरली तर ती जाम आहे, आणि बेल्टचं फडफडणं तिच्यामुळेच असतं.

पुलीच्या खाचा ब्रशने कोरड्या साफ कराव्यात. यंत्रमागाच्या शेडजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत तेल आणि कापसाचा तंतू मिळून खाचेच्या तळाशी नमदा जमतो, तो टोकदार लाकडी काडीने काढावा. डिझेल, रॉकेल, पेट्रोल लावू नये. ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पुसावा आणि पूर्ण सुकू द्यावा. ‘बेल्टचा आवाज बंद करणारा’ स्प्रे मारायचा नाही. तो रबर चिकट करतो, चार दिवस आवाज दबतो, मग धूळ धरून तो जास्त घसरतो.

नवा बेल्ट हातानेच चढायला हवा. पेचकस घालून पुलीच्या कडेवरून उचकटला तर आतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि बेल्ट काही हजार किलोमीटरवर अचानक जातो. चढत नसेल तर ताणाचा बोल्ट अजून सैल करायला हवा, किंवा नंबर चुकलाय. बसवल्यावर प्रत्येक पुलीची मागची कड आरशात बघावी. एक रिब बाहेर आणि एक खाच रिकामी राहणं ही चूक अनुभवी हातांकडूनही होते, आणि गाडी सुरू केल्यावर बेल्ट तासाभरात फाटतो.

ताण किती? सगळ्यात लांब मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर साधारण दहा किलोच्या दाबाला ६ ते ९ मिमी झुकावा, हा छोट्या गाड्यांसाठीचा जुना अंदाज. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरायचा. नव्या बेल्टला ताण थोडा जास्त द्यायचा, वापरलेला परत बसवताना कमी. अंगठ्याच्या जोरावर विश्वास नसेल तर बाजारात जाताना वापरतात तो हुकाचा वजनकाटा बेल्टला अडकवून दहा किलोपर्यंत ओढावा आणि शेजारी पट्टी धरावी. आमच्या मते हे शंभर-दोनशे रुपयांचं साधन या कामातली सगळ्यात चांगली खरेदी आहे. सैल बेल्ट निदान ओरडून सांगतो. फार घट्ट बेल्ट गप्प राहतो आणि अल्टरनेटर व पंपाचं बेअरिंग खातो. गॅरेजमध्ये ‘परत यायला नको’ म्हणून ताणून बांधलेले बेल्ट पुष्कळ दिसतात.

ताण दिल्यावर आधी सरकपट्टीचा बोल्ट आवळायचा, मग खालचा, आणि मग झुकाव पुन्हा मोजायचा, कारण आवळताना तो बदलतो. इंजिन सुरू करण्याआधी क्रँकच्या बोल्टला गोटी लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवावं. पाने, फडकी, टॉर्च सगळं बाहेर आलंय का ते मोजून बॅटरी जोडावी. दहा मिनिटं चालवून, एसी आणि हेडलाइट लावून ऐकावं. गार झाल्यावर ताण परत तपासावा, आणि साधारण पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. हाताने ताण द्यायच्या गाडीत ही शेवटची तपासणी चुकवली तर नवा बेल्टही घसरून काचेसारखा होतो.

बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर चालू इंजिनला बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या काही गाड्या मुद्दाम कमी चार्ज करतात, तिथे एवढ्यावरून अल्टरनेटर बाद ठरवू नये.

ताणाचा बोल्टही नाही आणि टेन्शनरही नाही, अशी पुली दिसली तर तो स्वतः ताणून बसणारा बेल्ट आहे. तो काढताना कापावाच लागतो आणि नवा चढवायला खास प्लास्टिकचं साधन लागतं. ते पाकिटात येत असेल तरच घ्यावा, आणि तिथे साधा पीके बेल्ट लांबी जुळवून घालू नये. तो एकदा चढला की ताण धरत नाही. बाकी गाड्यांत काढलेला जुना बेल्ट धड असेल, नुसता किलोमीटर झाले म्हणून बदललेला असेल, तर अडीअडचणीसाठी डिकीत सैल गोल करून ठेवावा, सोबत १२ आणि १४ चा पाना.